आईचे स्वयंपाकघर आणि गागोद्याचा विनायक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून स्वयंपाकघराविषयी बोलणे काहींना फारच घरगुती वाटेल. संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना वास्तू, महोत्सव, देणग्या आणि कार्यकारी मंडळे यांची नोंद होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु त्याच पन्नास वर्षांत या समाजाचे आचरण ज्या एका जागी रोज, दोन वेळा, कोणतीही सभा न बोलावता पाळले गेले, ती जागा म्हणजे घरातील आईचे स्वयंपाकघर. त्या जागेचे इतिवृत्त कोणी लिहून ठेवलेले नाही. घरातील मुलगा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडतो आणि महिन्याभरात त्याचा फोन येतो, “आई, फोडणीत हिंग आधी घालायचा की जिरे?” त्या इतिवृत्ताची खरी आठवण तेव्हा होते.

पेण आणि रोहा ही दोन्ही गावे व्यापाराची. राजस्थान, गुजरात आणि कच्छमधून येऊन कोकणात स्थिरावलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर फुलका, कढी, दाळ-ढोकळी, गट्टे, खाखरे आणि पापड आणले. येथे त्यांना भात भेटला, पोहे भेटले, वाल, नारळ आणि आमसूल भेटले. पुढच्या पिढ्यांच्या ताटात हे दोन्ही प्रदेश शेजारी बसले. चिंचेऐवजी आमसुलाचा आंबटपणा आला, कढीबरोबर खिचडीइतकाच साधा भातही रुळला. पेणच्या पोह्याच्या पापडांनी आणि मिरगुंडांनी तर उन्हाळ्यातील गच्च्या व्यापल्या. पेणची ओळख बाहेरच्या जगाला गणेशमूर्तींमुळे आहे. पण मुंबईच्या अनेक घरांत पेणचे नाव पापडाच्या पुड्यावरूनच पोहोचलेले आहे. वालाची गंमत वेगळी. शेजारच्या घरी कडवे वाल मोड आणून, सोलून बिरडे होते. ज्या घरांत मोड आलेले धान्य वर्ज्य मानले जाते तेथे तोच वाल मोड न आणता शिजतो. रायगडच्या मातीतला दाणा तोच, पण वाट निराळी.

जैन स्वयंपाकघराविषयी बाहेरच्या माणसाचा समज असा असतो की ते नकारांचे घर आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर-मुळा नाही, चातुर्मासात पालेभाज्या नाहीत, तिथीच्या दिवशी हिरवी भाजी नाही, कच्च्या दह्याबरोबर कडधान्य नाही, सूर्यास्तानंतर काहीच नाही. ही यादी ऐकून कोणीही विचारील, मग उरले काय? याचे उत्तर घरातील स्त्रियांनी तोंडाने दिले नाही, ताटात वाढून दिले. बटाट्याच्या जागी कच्चे केळे आले. ओले आले चालत नाही म्हणून सुंठ आली. लसणाने जो खमंगपणा यावयाचा तो हिंग, जिरे आणि धण्याच्या भाजणीतून काढला गेला. तिथीला भाजी नाही म्हणून वड्या, मंगोड्या, पापडाची भाजी, बेसनाचे पिठले आणि सुक्या कडधान्यांचे नाना प्रकार उभे राहिले. कोकणातल्या पावसाळ्यात ढग दाटून दुपारीच अंधारून येते. अशा दिवसांत घड्याळाकडे पाहून, सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणे उरकून ओटा कोरडा करणे ही केवढी शिस्त आहे, हे तिची रोजची सवय असलेल्या घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

लक्षात येते ते बाहेर गेल्यावर. रोह्याचा मुलगा मुंबईला किंवा पुण्याला जातो. खाणावळीत “बिना कांदा-लसूण” म्हणून जी भाजी मिळते ती पुष्कळदा कांदा-लसूण वगळलेली भाजी असते. जैन भाजी नसते. या दोहोंत अंतर आहे. एकीत काहीतरी काढून टाकलेले असते आणि त्याची पोकळी जिभेला जाणवत राहते. दुसरी मुळातच निराळ्या विचाराने केलेली असते, तिच्यात काही उणे नसते. कार्यालय साडेसहाला सुटते, लोकलला तास जातो, चौविहार पाळावा तर दुपारच्या डब्यावरच दिवस निघतो. भोजनशाळा जवळ असली तर ठीक. नसली तर पहिले काही महिने खाखरे, ठेपले आणि घरून आलेल्या डब्यावर जातात. पूर्वी हा डबा एसटीच्या वाहकाच्या किंवा गावातल्या कोणा प्रवाशाच्या हाती जात असे; आज कुरिअरने जातो. त्यानंतर एके दिवशी मुलगा स्वतः एक कुकर आणि एक कढई विकत घेतो. येथून पुढे जे घडते तोच आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी पेण तालुक्यातल्याच एका घरात शिरावे लागेल.

पेण तालुक्यातील गागोदे या लहान गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. जग त्यांना आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखते. भूदानासाठी देशभर पायी फिरलेला संत म्हणून त्यांची चित्रे शाळाशाळांतून लागली आहेत. त्यांच्या जीवनातील एक गोष्ट मात्र त्या चित्रांत येत नाही. उतारवयापर्यंत ते ज्या व्यक्तीविषयी सर्वांत अधिक ओलाव्याने बोलत राहिले ती त्यांची आई रुक्मिणीबाई. आणि तिच्या आठवणी सांगताना ते पुन्हापुन्हा जेथे पोहोचत ती जागा म्हणजे तिची चूल, तिचे विरजण, तिचे तांदळाचे दाणे.

गागोद्याच्या घरच्या अंगणात फणस होता. फळ पिकले, फोडले, की मुलांचे हात साहजिकच पुढे होत. आई आधी गऱ्यांचे वाटे करी आणि ते शेजारीपाजारी पोहोचवून येण्यास मुलांना पाठवी. परत आल्यावर त्यांना जवळ बसवून खाऊ घाली. देणारा तो देव आणि राखून ठेवणारा तो राक्षस, असे तिचे साधे सूत्र होते. दानधर्मावरील प्रवचने पुढे विनोबांनी असंख्य केली, परंतु हातात गऱ्यांचा वाटा आणि तोंडाला सुटलेले पाणी अशा अवस्थेत शेजारच्या दारापर्यंत चालत जाण्याचा जो धडा त्यांना मिळाला तो कोणत्याही प्रवचनात मिळण्यासारखा नव्हता. भूदानाचे मूळ गागोद्याच्या फणसात शोधणे काहींना अतिशयोक्ती वाटेल. विनोबांना स्वतःला ती वाटत नसावी.

रात्री सगळी कामे आटोपल्यावर आई दुधाला विरजण लावी आणि लावताना देवाचे नाव घेई. मुलाने विचारले, दही लागण्यासाठी देवाला कशाला मध्ये आणतेस? तिचे म्हणणे असे की, आपल्याकडून करावयाचे ते सगळे आपण करतोच, पण चांगले लागणे त्याच्या कृपेवर. ज्याने स्वतः कधी विरजण लावले आहे तो या उत्तराला हसणार नाही. दूध कोमट हवे, विरजण ताजे हवे, भांडे हलता कामा नये. एवढे सगळे सांभाळूनही कधी दही लागते, कधी तारवते.

एकदा शेजारच्या घरी स्वयंपाक करणारे कोणी नव्हते, म्हणून रुक्मिणीबाई आपल्या घरचा स्वयंपाक आटोपून तेथे जाऊन रांधू लागल्या. मुलाने टोमणा मारला, की आधी आपले आणि मग दुसऱ्याचे, हा तर स्वार्थच झाला. आईने समजावले, त्यांचे आधी करून ठेवले तर जेवायच्या वेळेपर्यंत ते गार होईल. म्हणून त्यांचे नंतर, गरम वाढता यावे यासाठी. परोपकाराचा विचार तत्त्वज्ञ मुलाने केला होता. ताट वाढतेवेळी भाजी गरम असेल की नाही याचा विचार आईने केला होता.

तांदळाच्या दाण्यांची आठवण तर प्रत्येक गृहिणीने ऐकावी अशी आहे. देवाला लाख तांदूळ वाहण्याचा तिचा नेम होता. रोज एकेक दाणा मोजून ती वाही. वडील नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचविले की एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यात किती दाणे बसतात ते पाहावे आणि त्या हिशेबाने वजन करून लाख पुरे करावेत, हवे तर थोडे वरती घालावेत. हिशेब चोख होता. आईजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळी तिने विन्याला विचारले. मुलाने सांगितले की हे गणिताचे काम नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर नाम घेतले जाते, म्हणून एकेक दाणाच मोजला पाहिजे. आईला ते पटले आणि तिने तसे वडिलांना सांगितले.

या घरात आणखी एक दृश्य होते आणि ते तपाची परंपरा असलेल्या श्रोत्यांना विशेष भावेल. आजोबा शंभूराव चांद्रायण व्रत करीत. चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास वाढवायचा, पौर्णिमेनंतर एकेक कमी करायचा. आणि जेवण चंद्रोदयानंतर. चंद्र कधी संध्याकाळी उगवे, कधी मध्यरात्री. आजोबांची पूजा झाली की झोपलेल्या नातवाला उठवून प्रसाद दिला जाई. ज्याचे स्वतःचे जेवणच मोजक्या घासांचे, त्याने त्यातला अंश नातवाला द्यावा आणि त्यासाठी घरातल्या बाईने मध्यरात्री जागे राहावे, असे ते घर होते.

25 मार्च 1916 रोजी विनायक इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला म्हणून निघाला तो सुरतेला उतरून काशीला गेला. तेथे दुपारी अन्नछत्रात जेवावे आणि तेथे मिळणाऱ्या दोन पैशांच्या दक्षिणेत संध्याकाळचे भागवावे, असा क्रम होता. वैराग्याच्या तेजात वाढलेल्या या तरुणाला आईच्या हातच्या जेवणाची आठवण येत होती का, हे त्याने बोलून दाखविलेले नाही. मात्र 7 जून 1916 रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात तो गांधीजींना भेटावयास गेला तेव्हा जे घडले ते त्याने आयुष्यभर सांगितले. गांधीजी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसले होते. देशाचा एवढा मोठा पुढारी भाजी चिरतो, हे पाहून तरुण चकित झाला. गांधीजींनी त्याच्याही हाती सुरी दिली. त्याने यापूर्वी असे काम केलेले नव्हते. ही आपली पहिली दीक्षा, असे विनोबा म्हणत.

घरी असताना आईने हजारो वेळा भाजी चिरली होती आणि मुलगा शेजारी बसून तिच्याशी वेदान्त बोलत होता. सुरी हाती आली ती घर सोडल्यावर. आजच्या मुलांचेही असेच होते, म्हणून ही हकिकत येथे विस्ताराने सांगितली. स्वयंपाकघराचे दार आतून उघडे असताना मुलगा बाहेर उभा राहतो आणि दार शेकडो कोस दूर गेल्यावर त्याला आत यावेसे वाटते.

विनोबांना आत येण्यास फारसा अवधी मिळाला नाही. 1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ देशभर पसरली. बडोद्याचे घर आजारी पडले. विनोबा आश्रमातून तेथे गेले. 24 ऑक्टोबर 1918 रोजी रुक्मिणीबाई गेल्या. भटजींच्या हातून होणारे अंत्यविधी त्यांना मान्य नव्हते, म्हणून ते स्मशानातही गेले नाहीत. इतका करारी मुलगा. पण आईच्या दोन वस्तू त्याने जवळ ठेवल्या. एक तिची साडी आणि दुसरी अन्नपूर्णेची मूर्ती, जिची ती रोज पूजा करीत असे. ती साडी तो उशाला घेऊन झोपे. पुढे केवळ खादीच वापरावयाचा निश्चय झाला; साडी खादीची नव्हती, म्हणून तिचे साबरमतीत विसर्जन केले. अन्नपूर्णेची मूर्ती राहिली. आई जशी नित्य पूजा करी तशी आपल्याकडून होत नाही, ही रुखरुख होती. शेवटी आश्रमातील काशीबेन गांधी यांना त्यांनी विचारले, आईची मूर्ती आहे, पूजा कराल का? त्यांनी आनंदाने ती स्वीकारली.

घरच्या असंख्य वस्तूंतून या विरक्त मुलाने अन्नपूर्णाच ठेवली, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

गांधीजींच्या हातची सुरीही अशीच एका आईपासून दूर गेल्यावर आलेली होती, आणि त्या कथेत एका जैन साधूंचा मोठा वाटा आहे. 1888 साली मोहनदास विलायतेला निघाला तेव्हा माता पुतळीबाईंना धीर होईना. घराण्याचे हितचिंतक बेचरजी स्वामी मूळचे मोढ वणिक, पुढे जैन साधू झालेले. त्यांनी मोहनदासाला मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली, तेव्हा आईने परवानगी दिली. 4 सप्टेंबर 1888 रोजी जहाज मुंबईहून सुटले. जेवणाच्या टेबलावर जाण्याचा संकोच, म्हणून तो खोलीतच बसून घरून दिलेली मिठाई आणि फळे खाई. लंडनमध्ये न्याहारीला ओटची लापशी पोटभर, पण दुपारी-रात्री पालकाची अळणी भाजी, पाव आणि मुरंबा. पावाचा आणखी तुकडा मागण्याची लाज. रात्री आईच्या आठवणीने डोळ्यांतून धारा लागत, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

ज्या आईची आठवण तो काढीत होता तिच्या अन्नाशी नाते कसे होते? चातुर्मासात ती एकभुक्त राही. एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याखेरीज जेवायचे नाही, असे तिने ठरविले. मुले आकाशाकडे डोळे लावून उभी राहत आणि सूर्य दिसताच धावत आईला सांगत. ती बाहेर येईपर्यंत तो पुन्हा ढगाआड जाई. देवाला आज मी जेवावे असे वाटत नाही, असे म्हणून ती हसत कामाला लागे. गागोद्याचे मूल चंद्र उगवण्याची वाट पाहत होते, काठेवाडातले मूल सूर्य दिसण्याची. ज्या घरांत मुले कोणाच्या तरी उपवासाचे पहारेकरी होऊन वाढली, त्या घरांतील मुलांना अन्नाची किंमत वेगळी सांगावी लागली नाही.

पुढे लंडनमध्ये फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी उपाहारगृह सापडले. शाकाहारावरील पुस्तके वाचून आईला दिलेला शब्द त्याची स्वतःची निवड झाला. खर्च कमी करण्यासाठी त्याने खोली घेतली आणि शेगडीवर स्वतः न्याहारी करू लागला. घरून मागविलेले मसाले आणि मिठाई हळूहळू सुटली, आणि पूर्वी बेचव लागणारी तीच पालकाची भाजी त्याला रुचू लागली. रुचीचे खरे स्थान जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. तरीही नारायण हेमचंद्र नावाच्या स्नेह्याने कोठून तरी मूग मिळवून, शिजवून आणले, तेव्हा ते त्याने किती आवडीने खाल्ले, हे सांगावयासही तो विसरला नाही. जुलै 1891 मध्ये तो मुंबईच्या बंदरात उतरला. आई गेल्याचे वृत्त त्याच्यापासून लपवून ठेवले होते. ते येथे कळले. प्रतिज्ञा पाळून आलेल्या मुलाला, ती पाळली हे जिला सांगायचे तीच राहिली नव्हती. त्याच दिवसांत मुंबईत त्याची ओळख श्रीमद् राजचंद्रांशी झाली; त्या ओळखीचे महत्त्व या सभेला सांगणे नको.

आश्रमाच्या व्रतांत गांधीजींनी पुढे अस्वादाला स्थान दिले. जैन परंपरेत बाह्य तपाच्या सहा प्रकारांत रसत्याग आहेच. येथे एक प्रश्न कोणीही विचारील. ज्यांनी रसाचा त्याग करावयाचा त्यांनी आईच्या हातच्या चवीसाठी हळवे का व्हावे? याचे उत्तर शास्त्रचर्चेत शोधण्यापेक्षा आयंबिलच्या स्वयंपाकघरात शोधावे. चैत्र आणि आश्विनातील नवपदाच्या ओळीत नऊ दिवस तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर, तळण काही नाही, एकदाच जेवण. या बंधनात ज्या श्राविका तांदूळ, मूग, उडीद, ज्वारी यांतून तपस्व्यांसाठी रोज वेगळे काही रांधतात, त्यांना धान्याची जितकी ओळख असते तितकी पंचपक्वान्ने करणाऱ्या आचाऱ्यालाही नसते. कोणत्या तांदळाची पेज दाट होते, उडीद किती भाजला म्हणजे तेलावाचूनही खमंग लागतो, हे त्यांचे हात जाणतात. त्या खाण्यात रस नसतो, पण रांधणारीचे लक्ष असते. बाहेरगावी गेलेल्या मुलाला आठवते ते पुष्कळदा हे लक्ष. तो त्याला चव असे नाव देतो, कारण दुसरे नाव त्याच्याजवळ नसते.

गागोद्याच्या विनायकाचा जैन परंपरेशी संबंधही दूरचा नव्हता. भगवान महावीरांच्या 2500व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, 1974 साली, सर्व संप्रदायांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला तो विनोबांच्या प्रेरणेने. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनार येथे आजारपणात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. 15 नोव्हेंबर 1982 रोजी, दिवाळीच्या, म्हणजेच महावीर निर्वाणाच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. अनेक जैन बांधवांनी त्यात संथाऱ्याची छाया पाहिली.

आता पुन्हा पेण-रोह्याच्या ओट्याकडे वळावयास हवे, कारण तेथे एक अडचण वाट पाहत आहे. दूर गेलेला मुलगा फोनवर विचारतो, “मीठ किती?” आई म्हणते, “अंदाजाने.” “किती वेळ भाजू?” “वास सुटेपर्यंत.” “पीठ कसे मळू?” “हाताला कळते.” मुलगा वैतागतो. त्याला वडील नरहररावांचा तोळ्याचा हिशेब हवा असतो आणि आई एकेक दाणा मोजत असते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले तेव्हा वाटी आणि चमच्याच्या प्रमाणांनी हजारो नवख्या मुलींना, आणि परदेशी गेलेल्या संसारांना, केवढा आधार दिला! प्रमाण लिहून ठेवणे हे आईच्या प्रेमाचा अवमान करणे नव्हे. पण ‘रुचिरा’त किंवा अन्य कोणत्याही पुस्तकात रोह्याच्या एखाद्या घरची तिथीची पापडाची भाजी सापडणार नाही. ती त्या घरच्या आजीच्या हातात आहे, आणि आजीचे हात आता थरथरतात.

येथे थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. आईच्या स्वयंपाकाचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी आईला स्वयंपाक आवडत होता का, हे क्वचितच विचारले आहे. तिने तो पहाटे उठून, धुरात, घरातील वीस माणसांसाठी केला. सर्वांत शेवटी जेवली. सूर्यास्तापूर्वी सर्वांना वाढता वाढता तिचे स्वतःचे जेवण कितीदा राहून गेले याचा हिशेब नाही, आणि कित्येकदा त्यालाच उपवास म्हटले गेले. पुण्याच्या खोलीत रविवारी हौसेने दाळ-ढोकळी करणाऱ्या मुलाला जो आनंद मिळतो तो त्याला निवडीचे स्वातंत्र्य आहे म्हणून मिळतो. आईला सोमवारही होता आणि मंगळवारही. तो आनंद खोटा नाही. परंतु कुकर, कढई आणि राशिन घेऊन एकटा उभा राहिल्यावरच मुलाला कळते की दोन वेळचे जेवण म्हणजे दिवसाचे पाच तास होते आणि ते कोणीतरी देत होते. सुट्टीत घरी आल्यावर तो ताटावर न बसता प्रथम ओट्याजवळ जातो, असा बदल अनेक घरांतून दिसू लागला आहे. सासरी जाणाऱ्या मुलीला स्वयंपाक यावा, ही जुनी काळजी. शिकावयास जाणाऱ्या मुलाला तो यावा, ही नवी. दुसरी काळजी पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची मानण्याचे कारण नाही, उलट बऱ्याच अंशी तिने पहिलीवरचा भार हलका होईल.

मुलगा गेल्यावर आईच्या ओट्यावरही काहीतरी बदललेले असते. दोन माणसांपुरता स्वयंपाक करणे मोठ्या घरातून आलेल्या बाईला जमत नाही, वरण उरतेच. एकटीसाठी कोणी गट्टे करीत नाही. करून दाखवायला कोणी नसले की पदार्थ आधी महिन्यातून एकदा होतो, मग वर्षातून, मग नुसता बोलण्यात येतो. असे काही पदार्थ या सभेतील ज्येष्ठ भगिनींना आत्ताच आठवत असतील, जे त्यांच्या सासूबाई करीत आणि आता कोणी करीत नाही.

म्हणून तरुणांना एक विनंती. येत्या दिवाळीच्या सुट्टीत दिवा-रोहा गाडीने घरी याल तेव्हा एक वही बरोबर असू द्या. आईने मूठभर पीठ घेतले की ती मूठ वाटीत ओतून पाहा आणि वाटी लिहा. भाजणीचा वास सुटला की घड्याळ पाहा आणि मिनिटे लिहा. पापडाचे पीठ कुटताना तिने पाण्याचा हबका किती वेळा मारला ते मोजा. कोणता पदार्थ कोणत्या तिथीला आणि का, हेही तिलाच विचारा; कारण ते तिला पाठशाळेत नव्हे, तिच्या आईच्या ओट्याशी कळलेले आहे. ती हसेल, “यात काय लिहायचंय?” म्हणेल, आणि मग तुमच्या हातातले लाटणे काढून घेऊन “असं धर” म्हणून दाखवील. ते मात्र वहीत उतरणार नाही. तेवढ्यासाठी हात तिच्या हाताखाली धरावा लागेल.